ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा : सौहार्दमधली ठेव, चुलत्यांचे पैसे आणि चंदगडचा जन्मदाखला

प्रश्न कडोलीकडच्या एका पालकांचा आहे. मुलीनं बेळगावात कॉम्प्युटर सायन्समध्ये बीई केलं, वर्षभर पुण्यात नोकरी केली. आता उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची डेटा सायन्सच्या एक वर्षाच्या एमएस्सीची ऑफर हातात आहे. फी १८,५०० पौंड, त्यातले ५,००० भरून झालेत. गावच्या सौहार्द सोसायटीत १४ लाखांची ठेव आहे. पुण्याचे चुलते ८ लाख द्यायला तयार आहेत. शिवाय तीन एकर शेती आहे. एजंट म्हणतो, "कमी पडतील ते पैसे आम्ही २८ दिवस खात्यात भरून दाखवतो, लाखभर द्या. कर्ज दाखवू नका, व्हिसा नाकारतात. आणि अर्ज कोल्हापूरच्या मामांच्या पत्त्यावरून मुंबईला टाकू, बेंगळुरूला त्रास असतो." मुलीचा जन्म आईच्या माहेरी, चंदगड तालुक्यात झाला, दाखल्यात मुलीच्या नावाची जागा कोरी आहे. आता काय करायचं?

एजंटनं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिली धोक्याची आहे.

आधी आकडा मांडू, कारण बहुतेक घरांत तो कुणी कागदावर मांडतच नाही. ब्रिटनला दोन रकमा दाखवाव्या लागतात : पहिल्या वर्षाची राहिलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. तुमची मुलगी लंडनबाहेर आहे, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,५३९. राहिलेली फी १३,५००. एकूण २४,०३९ पौंड. पौंड १२० रुपयांना धरला तर साधारण २८ लाख ८५ हजार. भरलेले ५,००० पौंड वजा धरायचे असतील तर ते विद्यापीठाच्या कॅसमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या अधिकृत नोंदीत, लिहून आलेले असणं सगळ्यात खात्रीचं. कॅस हातात आला की पहिल्यांदा तोच आकडा बघा. नुसती बँकेची पावती असून भागत नाही.

आता तुमची १४ लाखांची ठेव. ही ठेव तुम्हाला खरी, गावाला खरी, पण व्हिसा अधिकाऱ्याच्या लेखी ती नाही. नियम असा आहे की पैसे ज्या संस्थेत आहेत ती त्या देशाच्या योग्य नियामकाच्या देखरेखीखाली हवी, तिच्या नोंदी संगणकावर हव्यात आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना तिच्याकडे पडताळणी करता आली पाहिजे. आपल्याकडच्या सौहार्द संस्था कर्नाटकाच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या असतात; त्या बँका नव्हेत, रिझर्व्ह बँकेचा परवाना त्यांना नसतो. पतसंस्थांचंही तेच. बेळगावपासून निपाणीपर्यंत निम्म्या घरांची बचत अशाच ठिकाणी असते, कारण व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं आणि मॅनेजर ओळखीचा असतो. ठेवायला माझी ना नाही. पण व्हिसाच्या फाईलला त्या पावतीचा उपयोग नाही, मग चेअरमननी लेटरहेडवर कितीही सुंदर पत्र दिलं तरी.

नागरी सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येतात, तिथे नियम आड येत नाही. तरी माझा सल्ला राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेचाच. पडताळणीचा ईमेल छोट्या बँकेच्या शाखेत गेला आणि क्लार्कनं तो उघडलाच नाही, तर भोगणार तुमची मुलगी.

म्हणजे ठेव मोडायची. व्याज थोडं बुडेल, बुडू द्या. फक्त वेळेत मोडा. मोठी रक्कम मुदतीआधी मागितली की सोसायट्या "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात, आणि ते पुढचे आठवडे फार लांबतात. सप्टेंबरचा प्रवेश असेल तर एप्रिल-मेमध्ये पैसे बँकेत आलेले बरे.

चुलत्यांच्या खात्यातले पैसे चुलत्यांच्या नावावर दाखवता येत नाहीत. पैसे विद्यार्थ्याचे स्वतःचे किंवा आई-वडिलांचे हवेत, किंवा कायदेशीर पालक असतील तर त्यांचे. काका, मामा, आजोबा, थोरला भाऊ, कुणी चालत नाही. आपल्या एकत्र कुटुंबात हे पटायला अवघड जातं. "माझ्या भावाचे पैसे म्हणजे माझेच की ओ," असं लोक म्हणतात. घरात ते खरं असेल, फॉर्ममध्ये नाही. उपाय सोपा आहे. चुलत्यांनी ८ लाख त्यांच्या खात्यातून बँकेमार्फत तुमच्या किंवा मुलीच्या खात्यावर पाठवायचे, सोबत एका कागदावर पुतणीच्या शिक्षणासाठी दिलेली भेट असं लिहून सही करायची, आणि ते पैसे तिथेच राहू द्यायचे. रोख आणून भरू नका. पैसा कुठून आला हे अधिकारी विचारू शकतो, आणि रोखीला सांगण्यासारखं उत्तर नसतं.

आता २८ दिवसांचा हिशोब. सगळ्यात जास्त नकार इथे येतात, तेही पैसे असणाऱ्या घरांत. पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे आणि त्यातला एकही दिवस शिल्लक खाली जाता कामा नये. ठेवीचे पैसे ५ मेला आले, चुलत्यांचे २० मेला आले, तर मोजणी २० मेपासून. मधेच कुणी खताचं बिल भागवायला वीस हजार काढले आणि दोन दिवसांत परत भरले, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हे खातं वेगळं ठेवा, त्याचं एटीएम कार्ड कपाटात टाका, आणि विम्याचा हप्ता किंवा ट्रॅक्टरचा ईएमआय त्याला जोडलेला नाही ना, ते बघा. स्टेटमेंटच्या शेवटच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत अर्ज आणि फी भरून झाली पाहिजे.

तुमच्याकडे १४ आणि ८ मिळून २२ लाख होतात. पावणेसात-सात लाख कमी पडतात. नेमके तेच एजंट "दाखवून" देणार आहे. हा धंदा नवा नाही. व्याजानं घेतलेले पैसे महिनाभर खात्यात येतात, स्टेटमेंट निघालं की परत जातात. कधी कधी पैसेही येत नाहीत, नुसतं स्टेटमेंट बनवून देतात, आणि ते बनावट आहे हे पालकांना माहीतही नसतं. ब्रिटिश अधिकारी बँकेला थेट विचारतात. खोटा कागद सापडला तर फसवणुकीचा शिक्का बसतो आणि दहा वर्षं ब्रिटनचं दार बंद. पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या फॉर्ममध्येही "कधी व्हिसा नाकारला आहे का" हा प्रश्न असतोच. एजंटचं त्यात काही जात नाही. अर्जावर सही मुलीची असते.

या कमी पडणाऱ्या पैशासाठी शैक्षणिक कर्ज हाच सरळ मार्ग आहे. कर्ज दाखवल्यानं व्हिसा नाकारतात हे कुठून आलं ते मला कळत नाही. उलट मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जाला २८ दिवसांची अटच नाही. पण मंजुरीपत्र नीट लागतं : कर्ज मुलीच्या नावावर (तुम्ही सहकर्जदार असलात तर चालतं), रक्कम स्पष्ट, ते शिक्षणासाठी आहे असा उल्लेख, आणि पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं. बँकेच्या नेहमीच्या मंजुरीपत्रात खाली दहा-बारा अटी छापलेल्या असतात : गहाणखत झाल्यावर, विमा काढल्यावर, अमुक कागद दिल्यावर रक्कम मिळेल. व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी कुठलीही अट त्या पत्रात चालत नाही. म्हणून आधी तारण वगैरे पूर्ण करा आणि मग शाखेकडून व्हिसासाठी वेगळं, बिनअटीचं पत्र मागा. मॅनेजर सुरुवातीला "असं देत नाही" म्हणतील. नियम छापून न्या, देतात.

किती कर्ज घ्यायचं? साडेसात लाखांपर्यंत बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, म्हणून बहुतेक घरं तिथेच थांबतात. तुमच्या बाबतीत २२ आणि साडेसात म्हणजे साडेएकोणतीस लाख. १२० च्या भावानं पुरतात. पण रुपयाचं पौंडात रूपांतर अर्जाच्या दिवशीच्या दरानं होतं, आणि त्यासाठी ते ओआंडा या संकेतस्थळाचा दर बघतात. भाव १२३ झाला की गरज २९ लाख ५७ हजारांवर जाते आणि फाईल सात हजारांसाठी पडते. अधिकाऱ्याला दया दाखवायची सोय नसते. म्हणून कर्ज दहा लाखांचं करा. किंवा विद्यापीठाच्याच वसतिगृहाची आगाऊ रक्कम आताच भरा. ती १,५२९ पौंडांपर्यंत राहण्याच्या खर्चातून वजा होते.

दहा लाखांना तारण लागेल, आणि तिथे शेती पुढे करू नका. सरफेसी हा २००२ चा वसुलीचा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँकेला ती तारण म्हणून नकोशी असते. गावातलं घर चालतं, पण पंचायतीच्या हद्दीतल्या घराला बँक ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे, नमुना ९ आणि ११ मागते. तुमच्याकडे जुना हाताने लिहिलेला उतारा असेल तर पंचायतीत आजच अर्ज द्या. व्हिसाच्या अख्ख्या कामात एवढं रेंगाळणारं दुसरं काही नाही.

राहिली शेती. पहाणी पत्रकाचं, म्हणजे शेतीच्या उताऱ्याचं, कन्नडमधून इंग्रजीत भाषांतर करून घ्यायला हजार-दोन हजार घालवायची गरज नाही. ब्रिटनला जमीन, सोनं, शेअर, पेन्शन, सीएनं दिलेलं मालमत्तेचं प्रमाणपत्र यातलं काहीच पैशाचा पुरावा म्हणून चालत नाही. गावोगावी सीएच्या दाखल्याचे पाच-सात हजार घेतात, ते वाचवा. उसाची बिलं आणि अडतीच्या पट्ट्या मात्र सांभाळून ठेवा. त्या फाईलला लागत नाहीत. खात्यातल्या पैशाचा उगम विचारला तर उत्तर म्हणून उपयोगी पडतात.

आता जन्मदाखला. पैसे तुमच्या खात्यात दाखवले तर मुलगी तुमचीच आहे हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी जन्मदाखला आणि तुमचं संमतीपत्र लागतं. आपल्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्म चंदगड, गडहिंग्लज किंवा आजऱ्याला, आणि शाळा कर्नाटकात. एका मुलीच्या चार कागदांत वडिलांचं नाव चार प्रकारे असतं : जन्मदाखल्यात मारुती, एसएसएलसीत (कर्नाटकातल्या दहावीत) नुसतं आद्याक्षर, बँकेत मारुतीराव, आधारवर तिसरंच स्पेलिंग. आणि तुमच्यासारखा नावाची जागा कोरी असलेला दाखला तर फार घरांत सापडतो, कारण बाराव्या दिवशी नाव ठेवलं ते ग्रामपंचायतीला कळवायचं राहून गेलं.

यातून एक वाट आहे, ती फार कमी लोक वापरतात. पैसे थेट मुलीच्या खात्यावर ठेवा. तिचं पुण्यातल्या पगाराचं खातं चांगल्या बँकेत असेलच, किंवा नवीन बचत खातं काढा. पैसे तिच्या नावावर २८ दिवस राहिले की नातं सिद्ध करायचा प्रश्नच उरत नाही. ना दाखला, ना संमतीपत्र. तुमच्या घराची अडचण बघता मी हेच सुचवीन. "एवढे पैसे पोरीच्या खात्यावर?" असा विचार मनात आला असेल, तर ती एकटी परदेशात राहणार आहे, हे लक्षात घ्या.

दाखला तरीही दुरुस्त करून ठेवा, पुढे कुठे ना कुठे लागतोच. नाव घालायचा अर्ज जन्म जिथे झाला त्या महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीतच करायचा. तिथे जन्मनोंदणीचे निबंधक ग्रामसेवक असतात. बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात हेलपाटे मारून उपयोग नाही. नवीन दाखला मराठी-इंग्रजीत मिळतो, म्हणजे भाषांतरही टळतं. जुना केवळ मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतरावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं निवेदन हवं.

मुलीचं स्वतःचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच कॅसवर आलंय का ते अक्षर-अक्षर तपासा. पदवीच्या मार्कशीटवर आद्याक्षरं असतील तर एकच व्यक्ती असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडा. भारतीय विद्यार्थ्यांना कॅसमध्ये नोंदलेली शैक्षणिक कागदपत्रं व्हिसासाठी द्यावी लागतात, त्यामुळे हा फरक अधिकाऱ्याच्या नजरेला पडतोच. मात्र पासपोर्टवर बेलगाम आणि आधारवर बेळगावी असं असलं तर घाबरू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनंच नाव बदललं. त्यासाठी कोर्ट आवारात कुणी प्रतिज्ञापत्र करायला सांगत असेल तर फक्त हसून निघून या.

पत्त्याची भानगड एका वाक्याची आहे : ब्रिटनसाठी राज्यवार हद्द नाही. मुलगी पुण्यात राहते, तिथेच बोटांचे ठसे देईल. मामांचा पत्ता खोटा घालायचं कारणच नाही. हा गोंधळ बहुधा जर्मनीवरून आला असावा. तिथे मात्र कर्नाटकातल्या रहिवाशाला बेंगळुरूच्याच वाणिज्य दूतावासाकडे जावं लागतं, बेळगावहून मुंबई कितीही सोयीची असली तरी.

क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारनं मान्य केलेल्या दवाखान्यातच करायची. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. गावच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. ऑफर लेटरमध्ये एटास हा शब्द आहे का बघा. काही तांत्रिक विषयांना ही आगाऊ परवानगी लागते, ती फुकट मिळते पण महिना-दीड महिना खाते, आणि तिच्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा पुढेमागे काही महिने जास्त मिळतो, त्यामुळे साधारण १,१६४ पौंड भरावे लागतात. ही रक्कम आणि व्हिसाची फी वरच्या २४,०३९ मध्ये धरलेली नाही. ती खात्यातून गेल्यावर शिल्लक खाली येऊ नये, म्हणून दुसऱ्या खात्यातून भरा. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर कापत नाही. कापलेला रिटर्न भरून परत मिळवता येतो.

मुलाखत व्हिडिओवर होऊ शकते. इंग्रजी उच्चारांची काळजी सोडा, आपली मुलं नीट बोलतात. अडतात ती दुसरीकडे. एजंटनं लिहून दिलेलं "जागतिक दर्जाच्या सुविधा" वगैरे पाठ केलेलं असतं, आणि अधिकारी साधं विचारतो : दुसऱ्या सत्रात कुठले विषय आहेत? एवढी फी कोण भरतंय? वडील काय करतात, वर्षाचं उत्पन्न किती? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक मुलं गप्प होतात, कारण घरात त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. एक संध्याकाळ तिला समोर बसवा आणि ऊस किती टन जातो, सोसायटीतली ठेव कधीची, चुलत्यांनी किती दिले, कर्जाचा हप्ता किती येणार, सगळं सांगा. पुण्यातल्या नोकरीत तिनं काय काम केलं आणि त्यातून हा विषय का निवडला, हे तिच्या शब्दांत आलं तर बाकी तयारीची फारशी गरज नाही.

कर्ज फेडीचा हिशोब मांडताना एजंटची "दोन वर्षं नोकरी" ही जाहिरात धरू नका. शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिन्यांचाच मिळणार आहे. शिकताना सत्राच्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यातून हप्ते फिटत नाहीत, जेवणखर्च निघतो. आणि जाण्याआधी घाईनं लग्न उरकून जावयालाही बरोबर पाठवू, असा विचार नातेवाईकांत चालला असेल तर तोही थांबवा. १ जानेवारी २०२४ पासून अशा, संशोधनाच्या नसलेल्या मास्टर्सवाल्यांना जोडीदार सोबत नेता येत नाही.

कोर्स सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. नकार आलाच तर २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते, पण ती अधिकाऱ्याची चूक असेल तरच उपयोगी. एक दिवस शिल्लक कमी होती असा नकार असेल तर त्यात वेळ न घालवता कागद दुरुस्त करून नवा अर्ज करावा.

एजंट ठेवायचाच असेल तर ठेवा. पण बरीच ब्रिटिश विद्यापीठं एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात, तेव्हा तुमच्याकडून तो कशाचे पैसे घेतोय ते पावतीवर लिहून घ्या. अर्जात ईमेल आणि फोन नंबर मुलीचाच घाला, एजंटचा नाही. व्हिसा आता पासपोर्टवर चिकटत नाही, ऑनलाइन खात्यात असतो, आणि त्या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे त्याच्या मागे विमानतळावर पोहोचेपर्यंत फोन करत बसावं लागतं.